बारा नळ्या, बारा नावं

होळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी साडेआठ. वडगाव रासाईला तुमच्या मळ्यातली वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायचं जाळीचं कुंपण. रक्ताच्या नळ्या बारा, वहीतली नावं बारा. हजर : तू, तुझे थोरले भाऊ मारुतीआबा, जनावरांच्या दवाखान्यातले कदम ड्रेसर आणि मी.

भानुदास, तुझ्याबद्दल लिहायला बसलो तर पहिल्यांदा हेच उतरलं. कॉलेजच्या शोकसभेत बाकीचं सगळं सांगून झालं. किती वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंस, किती मुलं डॉक्टर झाली, गॅदरिंगला नाटकात कुठली कामं केलीस. मी मागच्या रांगेत बसून मनात तपासत होतो. एका ठिकाणी दोन वर्षांचा फरक निघाला. उठून सांगणार होतो, पण सुमनवहिनी समोर बसल्या होत्या, म्हणून सोडून दिलं. तू असतास तर कोपराने ढोसून म्हणाला असतास, "बस गप, मालबाबू."

मालबाबू हे नाव तूच ठेवलंस. दौंडच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. तू वडगावहून मामाच्या घरी शिकायला आलेला, मी रेल्वे क्वार्टरमधला. पुढे तू शिरूरला शिकवायला लागलास आणि मी दौंडच्या मालधक्क्यावर पोती मोजायला. वॅगनमधून उतरलेलं पोतं आणि कागदावरचं पोतं, दोन्ही जुळली की माझं काम झालं. तुला ते काम फार हलकं वाटायचं. तू तसं बोलून दाखवायचास आणि मला त्याचा राग यायचा नाही. एकदाच आला. त्याबद्दल पुढे लिहितो.

त्या वर्षी आबांनी ठरवलं होतं की दिवाळीनंतर सगळ्या मेंढ्या विकायच्या. वाघुरीपाशी उभे राहून त्यांनी आपल्याला सांगितलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "भानू, चरायला जागाच न्हाई ऱ्हायली. हिकडून ऊस, तिकडून ऊस. मेंढी दुसऱ्याच्या उसात तोंड घालती आन् मला पोलीस पाटलापुढं तोंड दाखवाय लागतं. पोरगा रांजणगावला कंपनीत. त्यो काय मेंढ्यांमागं हिंडणाराय व्हय?"

तू म्हणालास, "आबा, सगळ्या कशाला विकता? पाच-सात ठेवा. जुळं देणाऱ्या ठेवा. बांधून घाला, घरचा चारा घाला. थोड्या मेंढ्या, पण कोकरं दुप्पट."

"जुळं देनाऱ्या मला म्हाईत हायेत. तुजं यंत्र काय नवं सांगनार?"

"त्यांच्या पोरी देतील का नाही, ते सांगेल. कोकरू चार दिवसांचं असताना सांगेल."

आबांनी चंची सोडली. मग तंबाखू चोळत म्हणाले, "दिवाळीपत्तुर थांबतो. त्याच्या म्होरं एक दीस न्हाई."

तुझ्या डोक्यात हे कुठून आलं होतं, तेही तू मला एसटी स्टँडवर उभ्या उभ्या समजावलं होतंस. बंगालकडच्या एका बुटक्या जातीच्या मेंढ्या हमखास जुळी देतात आणि त्याचं कारण त्यांच्या एका जनुकातलं एक अक्षर आहे, असं तेव्हा नुकतंच सापडलं होतं. बाकी मेंढ्यांमध्ये जिथे 'ए' असतं तिथे यांच्यात 'जी'. एवढाच फरक. आबांच्या कळपातल्या चार मेंढ्या दर वेताला जुळी द्यायच्या, आणि आपल्याकडच्या मेंढ्या सहसा तसं करत नाहीत. तुझा अंदाज असा की कधीतरी बाजारातून त्या बुटक्या रक्ताचं काहीतरी या कळपात आलं असणार.

तुझी जुनी विद्यार्थिनी शुभांगी पुण्याला एका प्रयोगशाळेत होती. तिने सांगितलं, "सर, मोठ्या कामात जागा शिल्लक राहिली की तुमचे बारा नमुने घालते. तेरावा मागू नका." म्हणून बारा नळ्या. आबांनी बारा मेंढ्या वेगळ्या काढल्या : जुळं देणाऱ्या चार आणि एकेक देणाऱ्या आठ. ते स्वतः फाटकाशी उभे राहून एकेक बाहेर सोडत होते आणि मोठ्याने आकडा आणि नाव सांगत होते. कदम ड्रेसर मान धरायचे, तू मानेतून रक्त काढून नळीवर नंबर टाकायचास. मी भिंतीकडे तोंड करून, उन्हाला पाठ देऊन, आबांच्या तोंडून येईल ते लिहीत होतो. एक तानी, दोन मोरी, तीन लांबकानी, चार बुगडी, पाच चांदी. बारा नावं झाली तेव्हा तूही ओरडलास, "झाल्या बारा." मी वही मिटली. ताळा जुळला होता. त्या दिवशी आबांच्या सुनेने केलेल्या भाकरी आणि ठेच्याची चव माझ्या तोंडात अजून आहे, कारण काम चोख झाल्यावर जेवण गोड लागतं.

दोन महिन्यांनी शुभांगीची ईमेल आली. मग आपले रविवार सुरू झाले. तू शिरूरहून पहिल्या एसटीने दौंडला यायचास. शिरूरच्या कॅफेत तुझे विद्यार्थी भेटत आणि मागे उभे राहून "सर, काय बघताय?" विचारत, म्हणून तुला दौंड बरं. स्टेशनासमोर सलीमभाईंचा कॅफे, चार संगणक, त्यातला एक कायम बंद. पडद्यावर नुसती ए, टी, जी, सी अशी अक्षरं बघून सलीमभाईंना आपला संशय यायचा. एकदा त्यांनी खुर्ची ओढून हळूच विचारलंच, "सर, ये लॉटरी का है क्या? हमको भी बताओ ना, घरके जैसे हो."

तू म्हणालास, "सलीमभाई, मेंढी का है."

"मेंढी का?" ते उठून गेले आणि नंतर तासाभराने परत येऊन म्हणाले, "मेंढी में लॉटरी किधर से आई?" त्यावर आपण दोघं जे हसलो, तसं मी नंतर फार वेळा हसलो नाही.

एकेका मेंढीची दोनशे सात अक्षरं होती. बारा मेंढ्यांची दोन हजार चारशे चौऱ्याऐंशी. पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या वर एक रंगीत डोंगर दिसायचा : 'ए' हिरवा, 'सी' निळा, 'टी' तांबडा, 'जी' काळा. यंत्राने डोंगर बघून अक्षर लिहिलेलं असतं, पण ते डोळ्यांनी तपासावं असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, तपासायचं तर धक्क्यावर करतात तसं करू. तिथे एक जण पोत्यावरचा मार्का मोठ्याने वाचतो, दुसरा कागदावर टिंब देतो, आणि वाचणाऱ्याने कागदाकडे बघायचं नाही. तू डोंगर बघून वाचलंस, मी छापील कागदावर टिंबं दिली. दोन रविवार गेले. अठरा अक्षरांत फरक निघाला, बहुतेक टोकांकडचे, आणि तू म्हणालास, "तुझ्या पोत्यांचा उपयोग झाला रे." माझ्यासाठी ती पदवी होती.

एकशे बाराव्या जागेवर पाच मेंढ्यांच्या कागदात अक्षराऐवजी 'एन' होतं.

"हे काय, एन?"

"यंत्राला ठरवता आलं नाही."

"म्हणजे वाचन कच्चं. असला कागद मी परत पाठवला असता."

तू एसटीच्या तिकिटामागे दोन डोंगर काढलेस, एक हिरवा, त्यावरच एक काळा. "नीट बघ. इथे दोन्ही आहेत. एक अक्षर आईकडून आलं, एक बापाकडून. ए पण आणि जी पण. यंत्राला दोन्ही दिसतात, आणि एकच लिहायची सक्ती आहे. ते खोटं लिहायला तयार नाही, म्हणून एन लिहितं."

त्या दिवसापासून मला त्या यंत्राबद्दल आदर वाटायला लागला. आमच्या ऑफिसात असं लिहिणारी माणसं मी फार कमी पाहिली.

मग ती जुळवणीची पानं. जगात कुठेतरी एक मोठा सार्वजनिक साठा आहे, त्यात हजारो जीवांची अक्षरं ठेवली आहेत, आणि दौंडच्या स्टेशनासमोर बसून आपली दोनशे सात अक्षरं त्यात टाकली की तो फुकटात सांगतो की ही कोणाशी जुळतात. हे मला आजही पुरतं पटत नाही. बटण दाबलं की 'थांबा' असं पान यायचं. फोनची लाइन तुटायची, वीज जायची, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी यादी उघडली. सर्वांत वर मेंढी, मग शेळी, मग गाय, आणि बरंच खाली माणूस. तू बोट लावून म्हणालास, "हे बघ, आपण पण आहोत." प्रत्येकापुढे एक आकडा असायचा, योगायोगाने असं जुळण्याची शक्यता किती ते सांगणारा. दशांश चिन्हापुढे शून्यंच शून्यं. मी ती मोजायचो आणि तू चिडायचास, पण जगातला कुठला आकडा मला इतका समाधानाचा वाटला नाही.

दुसरं एक पान तीन-तीन अक्षरांचे गट पाडून त्यातून कुठलं प्रथिन तयार होतं ते दाखवायचं. 'सीएजी'चं 'सीजीजी' झालं की तिथली एक वीट बदलते. तिसऱ्या पानावर आपण खुणा करायच्या : या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत हा भाग, इथे बदल आहे, ही मेंढी अमुक, गाव अमुक. कोऱ्या अक्षरांना नावं द्यायची. तुला हे फार आवडायचं. शाळेत असताना तू दुसऱ्याच्या पुस्तकातसुद्धा समासात टिपणं लिहायचास.

आणि नावं दिल्यावर घोळ उघडा पडला. पाच 'एन' पडले होते एक, दोन, पाच, सहा आणि दहा नंबरला. आबांच्या जुळं देणाऱ्या मेंढ्या होत्या एक, चार, पाच आणि नऊ. तानी आणि चांदी जुळत होत्या. पण बुगडी दर वेताला दोन देणारी, तिच्यात 'जी' नाही. आणि मोरी, जिने जन्मात जुळं दिलं नाही, तिच्यात आहे.

तुझा चेहरा उतरला. आबांना सांगायचं काय? 'जी' बघून मेंढ्या ठेवा म्हणावं तर बुगडी विकायची आणि मोरी ठेवायची. आबांनी आपल्याला वाघुरीबाहेर हाकललं असतं, आणि बरोबर केलं असतं. गणपती आले. दिवाळीला फार दिवस नव्हते.

तू म्हणालास, पान चुकतंय. दुसरं पान शोधलंस. तिथेही तेच. तिसरं जपानातलं, चौथं युरोपातलं. एकाने उत्तर ईमेलने पाठवतो म्हटलं आणि आठ दिवस लावले. पाचव्या पानावरही तेच आलं तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भानू, पाच वेगवेगळ्या काट्यांवर तेच वजन भरलं, तर दोष काट्यात नसतो. मालावरच्या चिठ्ठीत असतो."

तू माझ्याकडे वळून बघितलंस. "चिठ्ठी कोणी लिहिली?"

"म्हणजे?"

"यादी तुझी आहे. पोती मोजणाऱ्याची."

तो राग मला त्या दिवशी आला. माझ्या यादीत चूक? नोकरीत माझ्या हातून एक पोतं इकडचं तिकडे झालं नव्हतं. मी वही उचलली, सलीमभाईंना तासांचे पैसे दिले आणि घरी आलो. त्यानंतर तीन रविवार तू आला नाहीस आणि मी बोलावलं नाही. आपल्या पन्नाशीच्या वयात आपण असे वागलो. मला वाटतं, पोरवयातसुद्धा आपण इतके दिवस अबोला धरला नव्हता.

चौथ्या रविवारी मी एकटा वडगावला गेलो. खरं सांगतो, तुला मदत करायला नव्हतो गेलो. माझी यादी बरोबर आहे हे मला सिद्ध करायचं होतं. आबांना म्हटलं, "आबा, त्या दिवशी सोडल्या तशाच त्या मेंढ्या पुन्हा एकदा सोडा. मला नुसतं बघायचंय."

"आता काय त्यांच्या लग्नाच्या पत्रिका बघनार का?" असं म्हणत त्यांनी सोडायला सुरुवात केली. या वेळी मी भिंतीकडे पाठ करून, फाटकाकडे तोंड करून बसलो. पहिली एक बुटकी, म्हातारी, गळ्यात घुंगराचा पट्टा असलेली मेंढी बाहेर आली. आबा काही बोलले नाहीत. तिच्यामागून तानी आली, आणि आबा म्हणाले, "येक, तानी."

मी उठून उभा राहिलो. "आबा, ही पहिली कोण?"

"ती व्हय? ती देवाची."

"देवाची म्हणजे?"

"आवो, खंडोबाला सोडल्याली. फलटणकडच्या बाजारातनं कोकरू आनली हुती. दुष्काळात जुळं दिलं, आन् दोन्ही वाचली. तवा देवाला वाहिली."

"मग ती मोजत नाही तुम्ही?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अगदीच अडाणी विचारलं होतं. "ती माजी हाय का मोजायला? आमच्यात देवाची मेंढी गन्तीत धरत न्हाईत. माज्या बानं धरली न्हाई, त्याच्या बानं धरली न्हाई."

"त्या दिवशी होती ती यांच्यात?"

"आसनारच की. तिच्याबिगर ह्या पाऊल टाकत्यात व्हय? ती म्होरं, ह्या मागं."

मी तिथेच मातीत बसलो आणि वही मांडीवर घेतली. त्या दिवशी फाटकातून तेरा मेंढ्या बाहेर आल्या होत्या. आबांनी देवाची सोडून बारा नावं सांगितली. तू खाली मान घालून, आबांचे आकडे न ऐकता, आपल्या ओळीने पहिल्या बारा मेंढ्यांचं रक्त काढलंस, देवाच्या मेंढीसकट, आणि नळ्या संपल्यावर थांबलास. बाराव्या नावाची मेंढी रक्त न देताच चरायला गेली. बारा आणि बारा, दोन्हीकडे आकडा तोच, म्हणून मला शंकासुद्धा आली नाही. प्रत्येक नळी एका घराने सरकवली. दोनची एक, पाचची चार, सहाची पाच, दहाची नऊ. तानी, बुगडी, चांदी आणि नववी सोनकी. चारही जुळं देणाऱ्या. आणि एक नंबरची नळी देवाच्या मेंढीची, तिच्यातही दोन अक्षरं.

"आबा, ह्या चौघी कोणाच्या पोटच्या?"

"तिच्याच की. दोन लेकी, दोन नाती." ते हसले. "हे यंत्रानं सांगितलं का?"

मी वडगावच्या किराणा दुकानातून तुला फोन लावला. तू आधी फोनवर यायला तयार नव्हतास, वहिनींनी आणलं. मी सांगितलं, आबांची मोजायची रीत वेगळी आहे, असं असं झालं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग एवढ्या मोठ्याने हसलास की दुकानदाराने मान वर केली. म्हणालास, "अरे, मला माहीत होतं रे ते! लहान असताना आम्ही पण देवाची मेंढी सोडूनच मोजायचो. घर सोडलं आणि विसरलो बघ. चूक माझी."

इथे मी गप्प बसलो, भानुदास. हेच तुला सांगायचं राहिलं. चूक तुझी नव्हती. तू नळ्या भरत होतास, आबा त्यांच्या रीतीने मोजत होते. फाटक, नळी आणि वही या तिघांवर नजर ठेवणं हे माझं काम होतं, आणि मी उन्हाला पाठ देऊन भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. धक्क्यावर मी पोत्याकडे न बघता कधी टिंब दिलं नाही. त्या दिवशी बारा वेळा तसं केलं. तू "चूक माझी" म्हणालास आणि मी ती तुला घेऊ दिली. पाच वर्षं घेऊ दिली. तू लोकांना हा किस्सा सांगायचास तेव्हा स्वतःवर हसायचास आणि मी शेजारी बसून चहा प्यायचो.

पण त्या फोनवरच आपलं पुढचं भांडण सुरू झालं होतं, हेही लिहायला हवं. तू म्हणालास, नंबर सरकवले, जुळलं, विषय संपला. मी म्हटलं, सरकवल्यावर जुळतं म्हणून ते खरंच असतं असं नाही. देवाच्या मेंढीचं आणि बाराव्या मेंढीचं रक्त पुन्हा घे. "शुभांगीनं तेरावा मागू नका म्हटलंय." "मग मी मागतो." मी मागितला. तिने कुरकुरत घेतला. देवाच्या मेंढीत पुन्हा दोन अक्षरं आली आणि बारावीत एकच. तेव्हा तू मला म्हणालास, "आता झोपशील का?" मी म्हटलं, "आता झोपतो."

दिवाळी झाल्यावर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी बाकी कळप बाजारात नेला. तानी, बुगडी, चांदी, सोनकी ठेवल्या. देवाची मेंढी विकायचा प्रश्नच नव्हता. बाजारातून परत आल्यावर आबा तुझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मात्र तुझ्या ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी वाटीकडे बघितलं.

आपल्या मेंढ्यांची अक्षरं त्या मोठ्या साठ्यात ठेवायची, हे तुझं शेवटचं वेड. फॉर्म अर्धा भरून ठेवलास आणि टिपणाच्या रकान्यापाशी आपण अडकलो. एक नंबरच्या नमुन्यापुढे तुला लिहायचं होतं की ही मेंढी देवाला वाहिलेली आहे, म्हणून मालकाच्या गणतीत येत नाही. मी म्हणायचो, परदेशातल्या लोकांना त्याचं काय, तिथे नंबर आणि जात लिही. तू म्हणायचास, "हेच तर खरं टिपण. पुढच्या माणसाने आपल्यासारखा घोळ घालू नये म्हणून टिपण असतं." दर महिन्याला हा वाद, दर महिन्याला फॉर्म तसाच. मग तुझी छाती दुखायला लागली आणि आपण दुसऱ्या गोष्टी बोलायला लागलो.

तू गेल्यावर दहा दिवसांनी शुभांगी दौंडला आली. आम्ही दोघांनी बसून तो फॉर्म पुरा केला. टिपणात तुझंच वाक्य घातलं, तिने इंग्रजी केलं. मी त्याखाली एक ओळ वाढवली, की पहिल्या वेळी नावांची यादी चुकली होती, आणि यादी लिहिणाऱ्याचं नाव दिलं. शुभांगी म्हणाली, "काका, असं कोणी लिहीत नाही." मी म्हटलं, लिही. चार दिवसांनी साठ्याकडून नोंदणी क्रमांक आला. तुझं नाव पहिलं आहे. बरोबर लिहिलंय, मी तीनदा बघितलं.

आता शेवटचं. परवा आबांनी मला आणि सुमनवहिनींना वडगावला बोलावलं. तुमच्या दोघा भावांत काय ठरलं होतं ते मला तिथे पहिल्यांदा कळलं. त्या चौघींना जुळं झालं आणि त्यात पाठ, म्हणजे मादी कोकरू, असली की एक पाठ तुझी, असं आबांनी तुला कबूल केलं होतं. तू "राहू द्या तुमच्यातच" म्हणत आलास आणि आबा मनात मोजत आले. वाघुरीत त्यांनी सतरा मेंढ्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

वहिनी म्हणाल्या, "आबा, मी शिरूरला दोन खोल्यांत राहते. मला कशाला मेंढ्या?"

"तुला कुटं देतोय? त्याला देतोय. त्यो न्हाई म्हनून तुज्या हातात."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मग त्या म्हणाल्या, "बरं, घेतल्या. पण राहतील इथेच. आणि सांभाळायचं म्हणून त्यातली एक तुमची. नाही म्हणायचं नाही."

आबांनी बराच वेळ त्या सतरांकडे बघितलं. मग एक लहान, पांढऱ्या कपाळाची पाठ धरली, तिला दोन पायांत घट्ट उभी केली आणि माझ्याकडे वळले. ज्या माणसाने आपल्या यंत्राला सहा वर्षं हसून घेतलं, त्याने मला विचारलं, "बाबू, हिच्यात ते अक्षर हाय का?"

"माहीत नाही, आबा. हिचं रक्त घेतलेलं नाही."

"मग घ्या की. भानू न्हाई म्हनून काम बंद ठिवायचं काय?"

दिल्या : मारुतीआबांनी, सतरा. घेतल्या : सुमनवहिनींनी. त्यातली एक वहिनींनी आबांना परत दिली. सोळा वहिनींच्या नावावर, एक आबांच्या. प्रत्येक मेंढीकडे बघून लिहिलं आहे. शुभांगीला सतरा नळ्या मागितल्या आहेत, आणि या वेळी ती नाही म्हणाली नाही.